दोरा कुठून ओवायचा? सुमेरच्या दगडी वासरामागचे अकरा आठवडे

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. काम एवढंच: साधारण पाच हजार वर्षांपूर्वी सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, घडवत तसलं एक बसलेलं वासरू दगडातून काढायचं. लांबी चार सेंटिमीटर, पाय पोटाखाली दुमडलेले, मान वर, अंगातून आरपार भोक. नियम दोन: वीज वापरायची नाही आणि दगडाला पोलाद लागू द्यायचं नाही. दातांच्या लॅबमध्ये माझी एकवीस वर्षं गेली. हँडपीसला (दात घासायचं विजेवर फिरणारं हत्यार) डायमंड बर, म्हणजे हिऱ्याच्या कणांचं टोक, लावून हे वासरू मी जेवणाच्या सुट्टीत उतरवलं असतं. पण मग कळलं काय असतं?

नमुना इराकमधला. बगदादच्या पूर्वेकडे दियाला नदीच्या खोऱ्यात शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९३० च्या दशकात खफाजा, तेल अस्मर, तेल अग्रब अशी टेकाडं खणली. प्रमुख होते हेन्री फ्रँकफर्ट. खफाजाला चंद्रदेव सिनच्या मंदिराचे एकावर एक दहा थर निघाले. त्यातल्या जुन्या थरांत, म्हणजे इ.स.पू. ३००० च्या आगेमागे, मण्यांच्या सोबतीने हे चिमुकले प्राणी सापडले. बैल, मेंढे, सिंह, मासे, पक्षी. आपल्या अंगठ्याच्या पेरात मावतील एवढे.

सापडलेल्या वस्तूंच्या याद्यांमध्ये त्यांच्यापुढे बहुधा एकच शब्द असतो, ताईत. मीही वहीच्या पुठ्ठ्यावर तेच लिहिलंय: 'ताईत, नग १'.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाच्या वड्या थापून झाल्यावर गच्चीवर दगड शोधत होते. आईला वाटलं पतंग.

सगळा सुमेर म्हणजे युफ्रेटिस आणि टायग्रिसने आणून टाकलेला गाळ. दगड मिळायचा नाही. चुनखडी पश्चिमेच्या वाळवंटाकडून आणायची, बाकीचे दगड पूर्वेच्या डोंगरांतून, आणि निळा लाजवर्द तर थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, दोन हजार किलोमीटरांच्या पलीकडून. म्हणजे चार सेंटिमीटरचं वासरू करायचं ठरवणाऱ्याच्या हातात दगडाचा तुकडा येईपर्यंतच मोठा प्रवास झालेला असायचा. घरं, देवळं, भिंती सगळं मातीच्या विटांचं. अशा मुलुखात दगड ही चीजच वेगळी.

मला दगड गच्चीवरच मिळाला. मोरी दुरुस्तीतून उरलेली शहाबादी फरशी. चुनखडीच ती, शिवाय फुकट.

१९ जानेवारी, रविवार

हत्यारं. पोलाद नाही म्हटल्यावर गारगोटी आणि तांबं. सुमेरकडे चकमकीची पाती होती. चकमक इथे कुठून आणायची? पण दख्खनच्या काळ्या कातळात कॅल्सेडनीच्या (गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या) गाठी असतात, आणि इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी त्यांचीच पाती काढली होती. नदीकाठच्या पुळणीतून पिशवीभर गोळा केल्या. फोडताना पहिल्या तासात दोन बोटं कापली. काचेसारखी धार. तिला कमी लेखलं होतं.

लुगल-ए नावाचं सुमेरी काव्य आहे. त्यात निनुर्ता देव दगडांच्या सैन्याशी लढतो आणि जिंकल्यावर एकेका दगडाचा निवाडा करतो. ज्याने साथ दिली त्याला वर, ज्याने विरोध केला त्याला शाप. डायोराइटला वर मिळतो की राजे तुझ्यात आपले पुतळे घडवतील. चकमकीला शाप, की तुला लोक फोडत राहतील. बोटाला चिकटपट्टी लावत ते वाचलं आणि चकमकीची बाजू घ्यावीशी वाटली.

२० जानेवारी, सोमवार

शेजारच्या सुतारकाकांकडे जुना सामता निघाला. कमानीच्या दोरीचा एक वेढा दांड्याला द्यायचा, वरून वाटीने दाबायचं आणि कमान पुढेमागे ओढायची. हे वापरायला माणूस राहिला नाही, म्हणाले. "ताई, न्या तुम्ही, पण दोरी ओली करू नका." टोकाला पोलादाऐवजी कॅल्सेडनीची कपची बसवली. डांबर वापरलं, तेही मूळच्या रिवाजाला धरून. युफ्रेटिसकाठच्या हित गावाजवळ डांबर जमिनीतून आपोआप वर येतं आणि सुमेरी लोक जडवणापासून नावेपर्यंत सगळं त्यानेच चिकटवत.

२ फेब्रुवारी, रविवार

नग १ गेला.

शहाबादी म्हणजे थरांचा दगड, हे लहानपणापासून पायाखाली असून लक्षात आलं नाही. डोकं बऱ्यापैकी आलं होतं, पाठीची कमान काढताना वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. वासराचा मासा झाला. मासाही चालला असता, मासे तिथे भरपूर सापडतात, पण मला वासरूच हवंय.

वासरूच का, हे लिहून ठेवते. सुमेरी भाषेत वासराला 'अमार'. उर या सुमेरी शहराच्या तिसऱ्या घराण्यातल्या राजाचं नाव अमार-सिन, म्हणजे सिनचं वासरू. मार्दुक या देवाचं नावही लिहिताना अमार-उतू, सूर्याचं वासरू, असंच लिहितात. चंद्रदेवाचं गुरांशी जुनं नातं. चंद्राची कोर म्हणजे शिंगं. एका मंत्रात सिनची लाडकी गाय वेणा देत असते, तिच्या मदतीला तो तेल आणि पाणी घेऊन दोघी पाठवतो, आणि शेवटी म्हटलंय की जशी ही गाय सुखरूप सुटली तशी ही बाई सुटो. मंत्र खफाजाच्या वासरांच्या हजारएक वर्षांनंतरचा, त्यामुळे दोन्हींची गाठ मारायची हिंमत मी करणार नाही. पण मंत्र मनात बसला तो बसलाच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मार्बलवाल्याकडून पांढऱ्या संगमरवराचा वाया गेलेला तुकडा आणला. त्याला वाटलं देवघराच्या पायरीसाठी. तांब्याची पट्टी, ओली वाळू आणि पाणी यांनी कापून ठोकळा काढला. कापते ती वाळू, तांबं नुसतं तिला ओढत नेतं. संध्याकाळी त्यातच गेल्या. खांदे भरून आले.

१६ फेब्रुवारी, रविवार

नग २ पण गेला. याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चूक माझ्या धंद्यातली आहे.

कान, डोळे, दुमडलेले गुडघे, शेपटीचा गोंडा, सगळं करून झालं होतं. भोक शेवटी ठेवलं. सामत्याचा दाब पडला, ठोकळा लाकडाच्या खाचेतून सरकला आणि मान तुटली. आधी रूट कॅनाल, मग कॅप. हे मी नव्या मुलांना कितीदा सांगितलं असेल. भोक आधी पाडायचं. दगड अजून दगड असताना, त्याला धरायला चार सपाट बाजू असताना. वासरू नंतर त्या भोकाभोवती काढायचं.

पण मग आधीच ठरवावं लागतं की भोक कुठून कुठे. आणि हे मला माहीतच नव्हतं. छायाचित्रांत दिसतं तिथे पाडायचं, एवढंच धरून चालले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा छायाचित्रं काढून बसले, या वेळी फक्त भोकं बघायला. तीन तऱ्हा दिसतात. एक, बरगडीतून बरगडीत, आडवं. दोन, पाठीतून पोटात, उभं. तीन, छातीतून शेपटीकडे, लांबीत. छापील पानांवर हे प्राणी जवळजवळ नेहमी बाजूने दाखवतात, मुख डावीकडे नाहीतर उजवीकडे, जसे काही कुरणात बसलेत. भोक कुठे आहे यावरून तो प्राणी खरोखर कसा लटकत असेल, हे चित्रात दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

लॅबमधला हात आज कामी आला. मोडक्या नग २ ची मान चिकटवली, रबरी साचा घेतला आणि त्यात डेंटल स्टोनची (दातांचे साचे ओततात त्या कडक प्लास्टरची) सहा वासरं ओतली. (हे दगडाचं काम नव्हे, त्यामुळे नियम मोडला नाही. सुतारकाका म्हणाले मोडला.) दोनदोनांना एकेका तऱ्हेने भोकं पाडली आणि सहाही वासरं दोऱ्यात ओवून गळ्यात घालून आरशापुढे उभी राहिले.

लांबीतलं भोक: वासरू छातीवर आडवं, बाजूने दिसतं, पुस्तकातल्यासारखं. सुरेख.

उभं भोक: खाली गाठ मारावी लागते, आणि गाठ बरोबर बुडावर येते.

आडवं भोक: फजिती. दोरा गळ्यात डावीकडून उजवीकडे जातो, भोकही डावीकडून उजवीकडे, म्हणजे वासराचं तोंड समोरच्याकडे किंवा माझ्या छातीकडे. पण तसं ते टिकत नाही. एक वासरू नाक खाली घालून उलटं लोंबलं, दुसरं बूड वर करून. समोरून बघणाऱ्याला फक्त पाठीचा उंचवटा दिसतो. भाच्याने फोन केला होता, त्याला कॅमेऱ्यावर दाखवलं. म्हणाला, "मावशी, बटाटा आहे का तो?"

आणि मला घडवायचं होतं ते नेमकं आडव्या भोकाचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रात्री झोप लागेना. कुणी तरी आठ-दहा दिवस खपून गुडघे, कान, डोळे कोरणार आणि गळ्यात घातल्यावर दिसणार बटाटा? घडवणारा इतका खुळा नसतो. खुळी मी असणार.

सकाळी तेच आडव्या भोकाचं वासरू घेतलं. दोरा भोकातून घालून दोन्ही टोकं वर एकत्र बांधली, म्हणजे छोटा फास झाला, आणि फास एका खिळ्याला अडकवला. वासरू सरळ बसलं. नाक समोर, पाठ वर, बूड खाली, जमिनीशी समांतर. फास कुठेही फिरवा, वासरू बाजूने दिसतं. अट एकच: भोक अंगाच्या वरच्या तिसऱ्या भागात आणि खांद्याच्या जरा मागे हवं. खाली घेतलं की कोलांटी खातं.

म्हणजे आडवं भोक गळ्यातल्या सरासाठी नाहीच. एखाद्या गोष्टीवरून लोंबवण्यासाठी आहे: कमरेच्या दोरीला, मनगटाला, टाचणीला.

उरच्या राजेशाही दफनभूमीतली राणी पुआबी आठवली. लिओनार्ड वूली यांनी १९२० च्या दशकात तिची कबर उघडली. तिच्या उजव्या हाताजवळ सोन्याच्या लांब टाचण्या होत्या, डोकं लाजवर्दाचं, आणि तिथेच मासे, काही सोन्याचे, काही लाजवर्दाचे, शिवाय बसलेल्या हरणांची सोन्याची जोडी. वस्त्र खांद्यापाशी टाचणीने अडकवायचं आणि टाचणीला मुद्रा (मातीवर उमटवायचा शिक्का) किंवा असलं काही बांधायचं, अशी रीत. पुआबी साधारण इ.स.पू. २६०० ते २५०० ची, माझं वासरू तिच्याहून चार-पाचशे वर्षांनी जुनं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण खिळ्यावरचं वासरू बघताना माझ्यापुढे तरी तीच टाचणी होती.

मला गळा सुचला तो मराठीमुळे. आपल्याकडे ताईत म्हटला की गळ्यातलाच. लाडका माणूससुद्धा गळ्यातला ताईत. शब्दाबरोबर गळा आला, गळ्याबरोबर दृष्ट आली, दृष्टीबरोबर काळा दोरा आला आणि मी त्या वासराकडे न बघताच त्याचं काम ठरवून टाकलं. वहीच्या पुठ्ठ्यावरचं 'ताईत' आज खोडलं. 'भोकाचे प्राणी' लिहिलं. ओबडधोबड आहे, पण खोटं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, लॅबला सुट्टी. नग ३ चं भोक.

ठोकळा ४५ × २५ × ३० मिमी, वजन ९२ ग्रॅम. एका बाजूने निम्म्यापर्यंत, मग उलटवून दुसरीकडून. पहिली बाजू ५५ मिनिटं, दोन टोकं तुटली. दुसरी ४० मिनिटं. दोन्ही भोकं आत एकमेकांना भेटली, पण अर्धा मिलिमीटर चुकवून. आत पायरी राहिली आणि तोंडाशी रुंद, मध्ये चिंचोळं असा वाळूच्या घड्याळासारखा आकार झाला. जुन्या मण्यांच्या भोकांचा छेद असाच काढलेला असतो. आजवर मला तो आराखडा वाटायचा. तो आराखडा नाही, दोन बाजूंनी येणाऱ्या माणसाची अडचण आहे.

२ मार्च, रविवार

अंग कोरतेय. लिहायला हात मोकळा नाही.

९ मार्च, रविवार

डोळे. सामत्याचं टोक टेकवून कमानीचे चार हेलकावे, एक डोळा झाला. इतकं सोपं की कोरून डोळा काढण्याचा विचारही मूर्खपणाचा वाटावा. या काळातल्या मुद्रांवर सगळीकडे गोल खळगे का दिसतात ते हाताला कळलं. वेणी घातलेल्या, ओट्यावर बसून काम करणाऱ्या बायकांच्या मुद्रा प्रसिद्ध आहेत. त्यात बाईचं डोकं म्हणजे एक खळगा, भांडं म्हणजे एक खळगा, अंग म्हणजे एक रेघ. लोक त्याला घसरलेली कला म्हणत. मला तर ती कमानीच्या हाताची सही वाटते. काही डोळ्यांत वेगळा दगड किंवा शिंपला डांबराने बसवत. उरुक या सुमेरी शहरात पाठीवर तीन पाकळ्यांची लाजवर्दी जडवण केलेला बैल मिळाला आहे. माझ्याकडे लाजवर्द नाही आणि घेणारही नाही, भाव विचारून आले.

१३ मार्च, गुरुवार

बूड. इथे प्रकरण पुन्हा फिरलं.

आडव्या भोकाच्या या प्राण्यांपैकी कित्येकांचं बूड सपाट घासलेलं असतं आणि त्यावर खळग्यांनीच दोन-तीन ढोबळ प्राणी काढलेले असतात. ओल्या मातीवर दाबलं की उठाव येतो. म्हणजे वरून वासरू, खालून शिक्का. आता भोक आडवंच का, याला दुसरं कारण मिळालं: उभं पाडलं असतं तर गाठ शिक्क्यावर आली असती. टाचणीला लोंबकळणारी वस्तू बोटांत धरून मातीवर टेकवायची आणि सोडून द्यायची, याला आडवं भोकच बरं.

मी बुडावर दोन प्राणी काढले, प्रत्येकी सात खळगे आणि चार रेघा. एक शेळी वाटते. दुसऱ्याचं काय वाटतं ते होळीला पुरणपोळी खाऊन झाल्यावर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं.

पण खरोखर शिक्के मारायला वापरत का? त्याच काळात सिलिंडर मुद्रा जोरात होती. ती मातीवर फिरवली की लांबच लांब पट्टी उमटते, मडक्याच्या तोंडावरची किंवा कोठाराच्या दाराच्या खुंटीवरची माती एका दमात भरते. तिच्यापुढे माझ्या वासराचा रुपयाएवढा ठसा म्हणजे काहीच नाही. मला वाटतं, बुडावरची शेळी ही वस्तू कुणाची किंवा कुठली हे दाखवायला पुरे असावी, रोज मातीत बुडवायची गरज नसावी. हे माझं मत.

१६ मार्च, रविवार

आज काम नाही, वाचन.

उरुकच्या सुरुवातीच्या, मातीच्या पाट्यांवर मेंढीचं चिन्ह म्हणजे वर्तुळात फुली. बस्स. पुढे त्याचाच 'उदू' (सुमेरीत मेंढी) झाला. त्या काळच्या पाट्यांतल्या सुमारे ८५ टक्के हिशेबाच्या आहेत: इतकी मेंढरं, इतकं जव, इतकी बिअर. डेनिस श्मांट-बेसेरा यांचं म्हणणं असं की लिपीच्या आधी मातीच्या लहान लहान खुणा मोजायला वापरत, आणि फुली मारलेली गोल चकती म्हणजे मेंढी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण मला दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला आवडतं: एकाच मंदिरात कारकुनाला मेंढी म्हणजे चार ओरखडे पुरत होते आणि त्याच्या पलीकडच्या खोलीत कुणीतरी मेंढीच्या कानामागची वळी दगडात काढत होता.

उरुकचा अलाबास्टरचा मोठा कलश, उंची मीटरभर, त्यावरही खालून वर पाणी, पीक, मग मेंढा-मेंढी-मेंढा अशी रांग, मग टोपल्या घेतलेले नागडे पुरुष आणि सगळ्यांत वर इनान्नाचं द्वार. कळप देवीच्या दारात जातोय. दियालाचे आणि उरुकचे प्राणी मंदिरांतून इतक्या संख्येने मिळाले, ते बघता कुणी म्हणतं हे जिवंत जनावराच्या जागी वाहिलेलं दगडी जनावर. असेल. मग सिंह कुणी वाहिला? सुमेरीत सिंहाला 'उर-माख' म्हणतात, म्हणजे मोठं कुत्रं. दाराशी राखणीला मोठं कुत्रं ठेवावं, तसा तो अंगावर ठेवला असेल, तर एकाच ढिगात एक प्राणी नैवेद्य आणि दुसरा राखणदार. एकाच शब्दात सगळे कोंबायचा हट्ट आपला आहे.

मंत्र लिहिलेल्या सगळ्यांत जुन्या पाट्या इराकमधल्या फारा आणि सीरियातल्या एब्लाच्या, इ.स.पू. २६०० ते २३०० च्या दरम्यानच्या. खफाजाची वासरं त्याआधीची, आणि ती मुकी.

१८ मार्च, मंगळवार

माकड! तेल ब्राकला, उत्तर सीरियात, मॅक्स मॅलोवन यांनी १९३७-३८ मध्ये 'डोळ्यांचं मंदिर' खणलं. डोळेच डोळे असलेल्या हजारो मूर्ती, आणि त्यांच्यात अस्वलं, बेडूक, बदकं, माकडं. माकड काही मेसोपोटेमियाचा प्राणी नव्हे, बाहेरून आणलेला.

सुमेरी शाळांतून पोरं उतरवून काढायची असं एक गमतीचं पत्र आहे. माकड आपल्या आईला लिहितं. उर हे नन्नाचं (सिनचंच सुमेरी नाव) रमणीय शहर, एरिदू हे एन्कीचं भरभराटीचं शहर, आणि मी इथे गायनशाळेच्या दारामागे बसलोय, उष्टं खातोय. ताजी भाकरी नाही, बिअर नाही. तातडीने माणूस पाठव! ते वाचल्यापासून पुढचा नग माकडाचा करावा असं मनात आहे. तोंडावर तोच भाव आणायचा.

२१ मार्च, शुक्रवार

घासणं. आधी वाळू, मग त्याच संगमरवराची पूड चामड्यावर, शेवटी नुसतं चामडं आणि तेल. पॉलिश पेपर कपाटात आहे, हात तिकडे जात होता. वजन आता २९ ग्रॅम. ठोकळ्यातला दोन तृतीयांश दगड पूड होऊन मोरीत गेला.

शेकेल हे तिथलं वजनाचं माप, साधारण ८.३ ग्रॅम. म्हणजे वासरू साडेतीन शेकेलचं. साठ शेकेलचा एक 'मना', अर्धा किलोच्या आसपास. पुढच्या काळात वजनाची मापं झोपलेल्या बदकाच्या आकाराची करत, मान मागे पाठीवर टेकवलेली. त्यांना बहुतेक भोक नसतं. भोक पाडलं की वजन घटलं.

२३ मार्च, रविवार

एका ओळखीच्या गृहस्थांनी फोटो पाठवला, 'असलाच खरा एक मिळतोय, घ्यायचा का?' बसलेला मेंढा, गुळगुळीत, कुठून आला त्याचा पत्ता नाही.

नाही म्हणून कळवलं, आणि कारणही. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं इराक संग्रहालय लुटलं गेलं तेव्हा सुमारे १५,००० वस्तू गेल्या, त्यात ५,००० च्या घरात सिलिंडर मुद्रा. मोठ्या वस्तू लपवता येत नाहीत. वर लिहिलेला उरुकचा कलश जूनमध्ये तुकड्यांत का होईना परत आला. मुठीत मावणाऱ्या वस्तू खिशातून सरहद्द ओलांडतात. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १४८३ क्रमांकाच्या ठरावाने इराकमधून बेकायदा हललेल्या अशा वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. शिवाय मातीतून कुठल्या थरात, कशाशेजारी निघाला हे माहीत नसलेला मेंढा म्हणजे नुसता मेंढा. खफाजाच्या वासराबद्दल मी दोन शब्द बोलू शकते ते त्याच्या शेजारी मंदिराची भिंत होती म्हणून.

त्या फोटोतल्या मेंढ्याचं भोक मोठं करून पाहिलं. अगदी सरळ, एकसारखं गोल, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. हँडपीस.

२४ मार्च, सोमवार

सुती दोऱ्याने टांगलं. तिथे तेव्हा सूत नव्हतं. लोकर आणि जवसाच्या काडीचा धागा. खादीच्या दुकानात लिनन (तोच जवसाचा धागा) मिळाला, तो वळून घेतला. एका टाचणीवजा पिनेला फास, पिन ओढणीला खांद्यावर. लॅबमध्ये आठवडाभर घालून जाणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

सहा दिवस घातलं. नोंदी:

चालताना बोटं सारखी तिकडे जातात. तिसऱ्या दिवशी नाक चमकायला लागलं, बाकी अंग तसंच मंद. दगड कपड्यावर थंड लागतो आणि दुपारपर्यंत अंगाइतका ऊन होतो.

लिननचा धागा चौथ्या दिवशी भोकाच्या कडेवर तुटला. वासरू प्लास्टरच्या टबात पडलं म्हणून वाचलं. कडा मी मारलीच नव्हती. संध्याकाळी दोन्ही तोंडं चामड्याने गोल केली, नवा धागा घातला, टिकला. मूळ नगांची भोकाची तोंडं गुळगुळीत दिसतात ती नुसती वापराने झालेली असतीलच असं नाही. कुणी तरी आधी एकदा पडलेलं वासरू उचललेलं असेल.

बुडातले खळगे धागा, पीठ, प्लास्टर यांनी भरले. मातीवर दाबून पाहिलं, शेळी उमटली नाही. ब्रशने साफ करावी लागली.

आज गुढी उभारल्यावर आईने पिन काढून हातात घेतली, वासरू फिरवून बघितलं आणि बुडावर नख फिरवून विचारलं, "खाली काय काढलंयस?" शेळी, मी म्हटलं. "आणि ही दुसरी?" मलाही ठरलेलं नाही म्हटलं. मग तिने ते पुन्हा लावायला घेतलं, माझ्या ओढणीला नाही, स्वतःच्या पदराला, खांद्यावर, निऱ्या जिथे धरतात तिथे. फास आपोआप फिरला आणि वासराचं तोंड दाराकडे झालं.

नग ४ साठी संगमरवर उरलाय तो ३० मिमीचा. माकडाला पुरेल. भोक मानेतून की पाठीतून ते डेंटल स्टोनमध्ये आधी बघायचं.